वन्संचा आवाज फाटतो

माझ्या नणंदबाईंना, म्हणजे वन्संना, दुसऱ्याचं चांगलं झालेलं बघवत नाही. हे मी त्यांच्या तोंडावर अनेकदा बोलले आहे, त्यामुळे इथे लिहायला हरकत नाही. त्याही ते कधी नाकारत नाहीत. "नाही बघवत तर नाही बघवत. डोळे काय मी दुकानातून निवडून आणलेत?" एवढंच म्हणतात. माझं लग्न झालं तेव्हा त्या माझ्या केसांवर जळायच्या. पुढे माझे केस विरळ झाले आणि आमचं जमायला लागलं. शेजारच्या बाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा आता त्यांना बघायला रीघ लागणार या विचाराने वन्संचा स्वतःचा गुडघा आठवडाभर ठणकत होता.

मात्र एका बाबतीत त्यांनी कधी कुणाचा हेवा केला नाही, आणि ती म्हणजे आवाज. त्यांच्या तोडीचं तिथे कुणी नव्हतंच.

वन्संनी लग्न केलं नाही. लघुलेखन आणि टंकलेखन शिकवणाऱ्या एका संस्थेत त्या नोकरीला लागल्या आणि तिथेच निवृत्त झाल्या. लघुलेखनाची परीक्षा म्हणजे कुणीतरी ठरलेल्या गतीने उतारा वाचायचा आणि मुलांनी तो खुणांच्या लिपीत उतरवून घ्यायचा. तो वाचणं हे वन्संचं काम. लांबलचक दालन, उंच खिडक्या, मागे बसचा डेपो, आणि ध्वनिक्षेपक नाही. घड्याळ समोर टांगून त्या उभ्या राहायच्या, आणि शेवटच्या बाकावरच्या मुलाला 'प' आणि 'ब' वेगळे ऐकू जायचे. हे महत्त्वाचं असतं, कारण या लिपीत 'प'ची रेघ पातळ आणि 'ब'ची तीच रेघ जाड. उताऱ्यात पाणीपट्टी असो की कुणाला श्रद्धांजली, त्यांचा सूर तोच. "अर्थ वाचायचा नाही, शब्द वाचायचे. रडायचं असेल तर घरी जाऊन रडा," असं त्या नव्या वाचकांना सांगत.

निवृत्तीनंतरही दर वर्षी परीक्षेचा उतारा वन्संनीच वाचायचा, हे ठरलेलं होतं. माझे यजमान गेल्यावर घरात आम्ही दोघीच उरलो. परीक्षा जवळ आली की आम्ही घरात पंखासुद्धा बेताने लावायचो, आवाजाला वारं लागू नये म्हणून.

यंदा मात्र संस्थेने पद्धत बदलली. सगळ्या केंद्रांवर एकाच वेळी परीक्षा घ्यायची, त्यामुळे उतारा आधीच ध्वनिमुद्रित करून संगणकावरून ऐकवायचा. त्यासाठी एकच आवाज निवडायचा होता. नमुना मागवला दोघींकडून: एक वन्सं, म्हणजे संस्थेत ज्यांना 'मोठ्या बाई' म्हणतात त्या, आणि दुसऱ्या 'धाकट्या बाई'. धाकट्या बाई वन्संच्याच विद्यार्थिनी. पन्नाशी ओलांडली तरी संस्थेत अजून धाकट्याच आहेत. पत्र वाचून वन्सं म्हणाल्या, "हिला 'प' काढायला मी शिकवलं. पहिल्या वर्षी नुसती फुंकर मारायची."

घरून ध्वनिमुद्रण करता यावं म्हणून संस्थेने दोघींना एकेक जुना संगणक दिला. त्यावर पहिली प्रणाली चालेना इतका तो म्हातारा झाला होता, म्हणून संस्थेच्या संगणकमास्तरांनी त्यावर लिनक्स नावाची हलकी प्रणाली घातली होती. सुरू करताना पडद्यावर पेंग्विनचं चित्र येई. मास्तर स्वतः गोल पोटाचे आणि काळा कोट घालणारे, त्यामुळे वन्संनी त्यांचं नाव पेंग्विन ठेवलं. सोबत यूएसबीचा हेडसेट होता. कानावर दोन गाद्या आणि तोंडापुढे बोटाएवढा माइक.

पहिले काही नमुने बरे गेले. मग एक दिवस संस्थेच्या सचिवांचा फोन आला. वन्सं फोन नेहमी मोठ्या आवाजावर ठेवतात, त्यामुळे मीही ऐकत होते. इकडचं तिकडचं बोलून ते सहज म्हणाले, "धाकट्या बाईंचा आवाज काय भरदार येतो हो यंत्रातून! खोली भरून टाकतो."

वन्सं म्हणाल्या, "असं का? छान." फोन ठेवला आणि जेवायचं सोडून पुन्हा संगणकापुढे जाऊन बसल्या.

त्यानंतरचा नमुना परत आला.

इथे संस्थेची एक पद्धत सांगायला हवी. कुठलंही ध्वनिमुद्रण पुढे जाण्याआधी दुसऱ्या वाचकाने ते ऐकून लघुलिपीत उतरवायचं. जिथे शब्द कळणार नाही तिथे अंदाज करायचा नाही, जागा कोरी सोडायची. याला तिथे 'चाळणी' म्हणतात. वन्संचा नमुना धाकट्या बाईंच्या चाळणीत गेला आणि जागोजागी कोरा होऊन आला. खाली नीटस अक्षरात लिहिलं होतं, 'आवाज फाटतो. कृपया पुन्हा पाठवावा.'

"फाटतो?" वन्सं म्हणाल्या. "माझा?"

मी हेडसेट लावून ऐकलं. खरंच फाटत होता. शब्दाच्या सुरुवातीला कोरडं कापड टरकावल्यासारखा आवाज येई, आणि 'प' तर दारावर धक्का मारल्यासारखा. मी तसं सांगितलं.

"मला ठीक ऐकू येतंय."

"वन्सं, तुम्हाला दाराची घंटासुद्धा ठीक ऐकू येत नाही."

"दाराची घंटा प्रमाण भाषेत बोलत नाही," म्हणाल्या आणि पुन्हा नमुना पाठवला. तोही परत आला, आधीच्याहून जास्त कोरा. तेव्हा वन्संच्या डोक्याने घेतलं. मी चहा गाळत होते तेवढ्यात त्यांनी सचिवांना फोन लावला. "तो हात मी शिकवलेला आहे. तो असा अडखळत नाही. ती मुद्दाम कोरं सोडतेय, लिहून घ्या!"

मी गाळणं तसंच हातात धरून बाहेर आले. "अहो, काय हे? एखादीची नोकरी जाईल अशाने."

"मग जाऊ दे. भरदार आवाज आहे ना, भाजी विकायला बसेल."

सचिव बिचारे घाबरले. चौकशी होईपर्यंत धाकट्या बाईंचा नमुना बाजूला ठेवतो म्हणाले, पण वन्संनी महिनाअखेर स्वच्छ ध्वनिमुद्रण दिलं तरच त्यांचा विचार होईल, हेही बजावलं. म्हणजे आता एकीचं नाव आणि दुसरीचा आवाज, दोन्ही त्या हेडसेटवर लटकत होतं.

मग आम्ही मास्तरांना फोन केला. ते परगावी दुसऱ्या केंद्राची बसवणूक करत होते, पण माणूस शांत. म्हणाले, "आधी हेडसेट दुसऱ्या खाचेत लावून बघा. मधे जोडपट्टी असेल तर काढून टाका, सरळ संगणकाला लावा." तसं केलं. आवाज फाटकाच. "आता तोच हेडसेट दुसऱ्या कुणाच्या संगणकाला लावून बघा." गुडघेवाल्या शेजारणीकडे गेलो. तिथे वन्संनी वाचलेलं वाक्य स्वच्छ उमटलं, काचेसारखं. शेजारीण कौतुकाने म्हणाली, "किती छान बोलता हो!" वन्सं मला जिन्यात म्हणाल्या, "बघितलंस, हिचा गुडघा आता दुखतही नाही."

म्हणजे हेडसेट चांगला होता. मास्तर म्हणाले, "मग दोष आपल्या संगणकात. आता काळी खिडकी उघडा, मी हुकूम सांगतो तसा टंका." हा प्रकार फार लांबला. मास्तर हुकूम सांगत, वन्सं जन्माच्या सवयीने तो लघुलिपीत उतरवत, आणि त्यांच्या कागदावरून मी टंकत असे. पण लघुलिपीत आवाज लिहितात, अक्षरं नाही. हुकुमातल्या आडव्या रेघेला आणि मोकळ्या जागेला आवाज नसतो, म्हणून त्या कागदावर आल्याच नाहीत. संगणक दर वेळी एकच उत्तर देई, की असला हुकूम त्याला माहीत नाही.

"आम्हाला तरी कुठे माहीत आहे!" वन्सं त्याच्यावर ओरडल्या.

शेवटी मी त्यांच्या हातून फोन घेतला आणि एकेक अक्षर ऐकत थेट टंकलं. त्या हुकुमाने मधली सगळी सजावट वगळून माइकचा आवाज जसाच्या तसा घेतला जातो, असं मास्तरांनी समजावलं. वन्सं चार वाक्यं बोलल्या. मी ऐकलं. स्वच्छ.

"सुटलं!" मास्तर पलीकडून म्हणाले. "माइक चांगला, वायर चांगली, खाच चांगली. म्हणजे ध्वनीच्या खिडकीत माइकचा आवाज कमीजास्त करायची पट्टी वर सरकलेली असणार. शंभराच्या पुढेही जाते ती. पुढे गेली की आवाज मोठा होत नाही, नुसता फाटतो. जरा बघता का, कुठे आहे?"

मी माउसला हात लावणार तोच वन्सं म्हणाल्या, "ती मी बघितलीय. मध्यावर आहे."

"नक्की?"

"मी खोटं बोलेन का?"

मास्तर गोंधळले. "मग माझ्या डोक्यात बसत नाही हो. मला यायला पुढचा महिना उजाडेल. असं करतो, धाकट्या बाईंना पाठवतो. त्यांच्या संगणकावर सगळं मीच शिकवलंय त्यांना."

वन्सं नको म्हणायच्या आत फोन बंद झाला.

"ती माझ्या खुर्चीत बसणार?" त्या म्हणाल्या. "माझा हेडसेट घालणार?"

"तुम्हीच सांगा मग दुसरा उपाय."

त्यांनी उपाय सांगितला नाही. कानाच्या गाद्यांवर मात्र धुतलेला रुमाल बांधून ठेवला.

धाकट्या बाई दुपारी आल्या. कडक इस्त्री, पिशवीत स्वतःची पेन्सिल. वाकून नमस्कार केला तेव्हा वन्संनी आशीर्वाद असा दिला की तो कुणाला पोचू नये. मी चहा विचारला. "काम झाल्यावर घेईन, काकू," म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या. रुमाल सोडला, नीट घडी घालून वन्संच्या हातात दिला.

"बाई, आधी ध्वनीची खिडकी बघू?"

"ते बघून झालंय. पेंग्विनला सांगितलंय मी."

"बाई म्हणतात म्हणजे झालंच असेल," असं म्हणून त्यांनी माउसवरचा हात काढला. आज विचार करते तेव्हा वाटतं, ज्यांनी शिकवलं त्या बाईंचा शब्द तपासून बघायचा नाही, एवढी एकच गोष्ट त्यांनी त्या दिवशी चुकीची केली.

त्यांनी हेडसेट घातला आणि एक उतारा हलक्या सुरात वाचला. त्यांची तऱ्हा तशी आहे, समोरच्या टेबलाशी बोलल्यासारखी. परत लावून ऐकला. जरा फुगल्यासारखा वाटत होता, पण फाटला नव्हता. प्रत्येक 'प' जागच्या जागी.

मग वन्सं बसल्या. तोच हेडसेट, तोच संगणक, तोच उतारा. त्यांनी सवयीप्रमाणे मान वर केली आणि शेवटच्या बाकाकडे आवाज फेकला. परत लावला, तर पहिल्या शब्दापासून चिंध्या.

वन्सं एकदा पडद्याकडे बघत, एकदा धाकट्या बाईंकडे. त्यांच्या चेहऱ्यावर मी रागलोभाचे सगळे रंग बघितलेत, पण हा नवा होता. त्यांना भीती वाटत होती.

धाकट्या बाईंनी खुर्ची जवळ ओढली आणि अगदी हळू, मायेने म्हणाल्या, "बाई, वाईट वाटून घेऊ नका. वयोमानाने आवाजाला थरथर येतेच. माझ्या आईलाही आली होती. इतकी वर्षं वाचलंत, आता—"

"थरथर?"

"म्हणजे, थोडी—"

"आवाजाला काहीही झालेलं नाही!" वन्सं अशा कडाडल्या की शेजारच्या घरात ऐकू गेलं असेल. "पट्टी बघ ती! उघड ती खिडकी! वर, पार टोकाला आहे. मी नेलीय. मीच, माझ्या हाताने!"

धाकट्या बाईंनी खिडकी उघडली. पट्टी शंभराची खूण ओलांडून लाल भागात शेवटच्या टोकाला टेकली होती.

"का, बाई?"

"का म्हणजे? तुझा भरदार येतो म्हणे! खोली भरते म्हणे! मग माझा का भरू नये?"

मी मधे पडायचं म्हणून काहीतरी बोलले, की पुसताना माउस हलला असेल. वन्संनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "तू गप्प बस गं वहिनी. तुला खोटं बोलता येत नाही, उगीच माझी लाज काढू नकोस."

धाकट्या बाई खुर्ची वळवून वन्संच्या समोर बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे माझ्या कोऱ्या जागा खऱ्या होत्या."

"होत्या."

"सचिवसाहेबांनी मला बोलावून विचारलं होतं, शिकवलेला हात असा अडखळत नाही, मुद्दाम सोडता का म्हणून. कुणी सांगितलं ते नाही बोलले. पण माझ्या हाताला हा हात आपला शिकवलेला आहे असं म्हणणारं जगात एकच माणूस आहे." त्यांनी पेन्सिल उचलली आणि परत ठेवली. "त्या दिवसापासून मी रोज लिहून बघते. मलाच वाटायला लागलं होतं, आपला कान गेला की काय. म्हणून आले आज. तुमच्या संगणकासाठी नाही आले, बाई. स्वतःच्या कानासाठी आले."

हे त्या रडत बोलल्या नाहीत. वन्संनी त्यांना शिकवलंच होतं तसं.

वन्सं उठल्या. मला वाटलं, आत निघून जातील. त्यांनी फोन उचलला, सचिवांना लावला, आणि सवयीप्रमाणे मोठ्या आवाजावर ठेवला. "मी बोलतेय. कोऱ्या जागा खऱ्या आहेत. दोष माझ्याकडे होता. माइक मी मुद्दाम वाढवून ठेवला होता आणि पेंग्विनशी खोटं बोलले. तक्रार मागे घेते. हो, लेखी देते. नाही, तिने सांगितलं म्हणून नाही. ती इथे बसलीय, विचारा हवं तर. आणि तिचा नमुना बाजूला ठेवलात तो परत वर घ्या." पलीकडून सचिव आभार मानायला लागले, तर "आभार कसले मानता? जळते मी तिच्यावर अजून," म्हणाल्या आणि फोन ठेवून दिला.

धाकट्या बाईंना हसू आवरेना. तोंडावर हात धरून हसल्या. मीही हसले. वन्सं हसल्या नाहीत.

"आता ती पट्टी खाली आण," त्या म्हणाल्या. "तुझ्या घरी कुठे असते?"

"साठाच्या आसपास."

"आसपास नको. तुझी जिथे आहे तिथेच. एक रेघ कमी नको आणि एक रेघ जास्त नको."

पट्टी खाली आली. धाकट्या बाईंनी माइक ओठांपुढून जरा गालाकडे वळवला आणि सांगितलं, "बाई, शेवटचा बाक इथे आहे," आणि स्वतःची पेन्सिल वन्संच्या तोंडापासून वीतभर लांब धरली. वन्संनी त्या पेन्सिलीकडे रागाने बघितलं, आणि तिच्याशी बोलल्यासारखा उतारा वाचला. धाकट्या बाई समोर बसून उतरवत होत्या. वाचून झालं, परत ऐकलं, कागद तपासला. कुठेही कोरं नाही. आवाजात थरथरही नव्हती, हे वन्संनी मला तीनदा कबूल करायला लावलं.

चहा तिघींनी घेतला. धाकट्या बाईंनी दोन वेळा साखर मागितली तेव्हा वन्सं म्हणाल्या, "घे, घे. तुला कुठे काही होतंय."

महिनाअखेर निवड झाली. धाकट्या बाईंची. सचिवांनी कारण सांगितलं, की वन्संचे उच्चार सरस आहेत, पण एकदा खोटं बोललेल्या माणसाच्या हाती परीक्षेचं ध्वनिमुद्रण घरी ठेवता येणार नाही. वन्संनी ऐकून घेतलं. वाद घातला नाही. त्या दिवशी रेडिओ लावायचा नाही एवढंच मला सांगितलं. त्यावर कुणी ना कुणी चांगलं बोलत असतं.

पण परीक्षेचं ध्वनिमुद्रण चाळणीतून जायला हवं होतं, आणि त्या गतीला उतरवणारा हात गावात दुसरा नव्हता. तेव्हा ते आमच्याकडेच आलं, संस्थेचा माणूस शेजारी बसवून. वन्संनी हेडसेट घातला, पेन्सिलीला टोक केलं, आणि लिहायला लागल्या. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. सावज कुठून निघतंय, याची वाट बघणाऱ्या मांजरासारखं ते तोंड होतं. कुठेतरी अडखळेल, कुठेतरी गती सुटेल, एखादा 'ब' पातळ पडेल. हात मात्र आपला सरळ चालला होता. त्याला या गोष्टीशी काही देणंघेणं नव्हतं.

उतारा संपला. त्यांनी कागद वरपासून खालपर्यंत बघितला, मग खालपासून वर.

"किती कोरं?" मी विचारलं.

"काही नाही." कुणीतरी हातातलं हिसकावून घेतल्यासारख्या म्हणाल्या. "मेली वाचते छान."

संस्थेचा माणूस कागद घ्यायला पुढे झाला. वन्संनी त्यावर तळहात ठेवला.

"थांबा हो, एवढी काय घाई आहे?" असं म्हणून त्यांनी नवा कागद ओढला आणि हेडसेट पुन्हा कानावर नीट बसवला. "वहिनी, पहिल्यापासून लाव बघू. आणखी एकदा लिहिते. एखादं तरी सुटेल."